'नोव्हेअर' पहिल्यांदा ऐकताना : तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांसाठी

"मामा, यात गाणारा कुठे बसलाय?"

माझ्या भाच्यानं हेडफोन एका कानावरून सरकवत विचारलं. इंदूरच्या सुदामा नगरमधलं घर, मे महिन्यातली दुपार, कूलर घरघरतोय आणि हा पलंगावर पालथा पडून 'राइड' या इंग्लिश बँडचा 'नोव्हेअर' ऐकतोय. मीच लावून दिला होता. गाणारा त्याला खरोखरच सापडत नव्हता. मलाही तो सापडायला दोन वर्षं लागली होती, कारण हे कसं ऐकायचं ते सांगणारं कुणी जवळ नव्हतं. त्या दुपारी त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. रॉक फारसं ऐकलेलं नसेल, गिटारच्या गोंगाटानं डोकं उठत असेल, तरी हरकत नाही. घरात कुणी तंबोरा जुळवताना ऐकलं असेल तर निम्मी तयारी झालेलीच आहे.

आधी कानाची सवय ओळखा

लताबाईंचा जन्म आपल्या इंदूरचा, 1929 सालचा. त्यांच्या आणि त्यांच्या पिढीच्या गाण्यांवर आपले कान घडले. सिनेमाचं गाणं, नाट्यपद, अभंग, काहीही घ्या, गळा सगळ्यात पुढे असतो. वाद्यं त्याला साथ करतात, जागा भरतात, मधल्या तुकड्यात थोडी पुढे येतात आणि शब्द आले की पुन्हा मागे सरकतात. त्यामुळे नवीन काही कानावर पडलं की आपण आधी गळा शोधतो, मग शब्द. ते मिळाले नाहीत की 'हा गोंगाट आहे' म्हणून बंद करतो.

'नोव्हेअर'मध्ये गळा वाद्यांच्या रांगेत बसवलेला आहे. मार्क गार्डनर आणि अँडी बेल हे दोघे गातात, बऱ्याचदा एकमेकांच्या सुरात सूर मिसळून, आणि ते गाणं गिटारच्या थरांमध्ये मुरलेलं असतं. ध्वनिमुद्रणातली चूक वाटेल, पण हे ठरवून केलेलं आहे. ही एक गोष्ट आधी मान्य केलीत की पुढचं सगळं सोपं जातं.

बँडविषयी, कामापुरतं

राइड 1988 मध्ये ऑक्सफर्डमध्ये सुरू झाला. गार्डनर आणि बेल गिटार वाजवतात आणि गातात, स्टीव्ह क्वेरॉल्ट बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवतो, लॉझ कोल्बर्ट ड्रम्स. 1990 या एका वर्षात त्यांनी तीन ईपी काढल्या, म्हणजे चार-चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड्स, आणि ऑक्टोबरमध्ये क्रिएशन रेकॉर्ड्सकडून हा पहिला पूर्ण अल्बम. ब्रिटनच्या खपाच्या यादीत तो 11व्या क्रमांकापर्यंत गेला. पोरं तेव्हा विशी-बाविशीची होती. हे वय लक्षात ठेवून ऐका. गाण्यांत घाई, हुरहूर आणि मधूनच येणारी उदासी आहे, ती त्या वयाची आहे.

अशा संगीताला 'शूगेझ' हे नाव इंग्रजी संगीत-साप्ताहिकांनी पाडलं. शब्दशः बुटांकडे बघणं. हे लोक मंचावर मान खाली घालून उभे राहायचे, म्हणून थट्टेनं दिलेलं नाव. पण मान खाली असायला कारण होतं. गिटारवाल्याच्या पायाशी पेडलांची ओळ असते, पायानं दाबायच्या लहान लहान पेट्या. एक पेटी आवाज खरखरीत करते, दुसरी त्याचे प्रतिध्वनी मागोमाग पाठवते, तिसरी रिकाम्या सभागृहात वाजवल्यासारखी गुंज देते. गाणं चालू असताना नेमकी पेटी नेमक्या मात्रेला दाबायची तर खाली बघावंच लागतं. पेटीवाला बुवांना साथ करताना पट्ट्यांकडे बघतो, तेव्हा त्याला कुणी लाजाळू म्हणत नाही.

साधनं आणि जागा

मी स्वतः हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो कॉलेजात असताना, एका कानाचा आवाज गेलेल्या इयरफोनवर. स्टिरिओ अल्बम अर्धाच ऐकला, 'खरखर आहे नुसती' असं म्हणून मित्राला परत केला आणि दोन वर्षं त्याच्या वाटेला गेलो नाही. ती दोन वर्षं वाया गेल्याची हळहळ अजून आहे, म्हणून साधनांविषयी आग्रहानं सांगतो.

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत. बेस जातो, ड्रमचा धक्का जातो आणि वरची सरसर तेवढी उरते. कान पूर्ण झाकणारे हेडफोन असतील तर उत्तम, महागडे नसले तरी चालतील. नाहीतर दोन वेगळे स्पीकर, मध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवून. ॲपमधलं शफल बंद करा, इक्वलायझरही बंद. आणि कूलर बंद करा. हे विनोदानं सांगत नाही. कूलरची घरघर या संगीताच्या बारीक थरांवरच येऊन बसते आणि तेच झाकून टाकते.

वेळ निवडायची तर आमच्याकडे रात्री साडेअकरानंतरची. सराफ्यातल्या खाऊगल्लीत तेव्हा गर्दी असते, पण गल्लीतले हॉर्न थांबलेले असतात.

आवाज किती ठेवायचा? जरा मोठा, कारण हळू आवाजात हे संगीत सपाट होतं. पण कानांना जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, आणि 90 डेसिबल फक्त 4 तास. म्हणजे रोज रात्री पूर्ण आवाजात ऐकायचं काम नाही. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज जास्त होता असं समजा आणि दोन दिवस विश्रांती द्या.

एक शेवटची तयारी. अल्बमच्या मूळ रेकॉर्डवर आठच गाणी आहेत, सुमारे 39 मिनिटांची. सीडीवर आणि ऑनलाइन आवृत्त्यांत त्यापुढे आणखी गाणी जोडलेली आहेत. ती चांगली आहेत, पण पहिल्या वेळी आठव्या गाण्याला, म्हणजे 'व्हेपर ट्रेल'ला थांबा. अल्बमचा शेवट तिथे आहे.

पहिली बैठक : काही शोधू नका

पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत, मध्ये न थांबता. शब्द शोधू नका, गीतांचे कागद उघडू नका, गाण्यांची नावंही वाचू नका. मुखपृष्ठ मात्र बघून घ्या. निळ्या समुद्रात उठलेली, अजून न फुटलेली एक लाट आहे. फोटो वॉरन बोल्स्टर या छायाचित्रकाराचा. अख्खा अल्बम असाच आहे, उठत राहतो.

पहिल्या बैठकीत एक-दोन गाणी आवडतील, दोन सारखीच वाटतील, एखाद्या वेळी कंटाळा येईल. येऊ द्या. बहुतेकांना पहिल्या दिवशी शेवटचं गाणं लक्षात राहतं. भाच्यालाही तेच राहिलं.

दुसरी बैठक : फक्त ड्रम्स आणि बेस

दुसऱ्या दिवशी गिटार आणि गळा दोन्ही सोडून द्या. खाली काय चाललंय ते ऐका.

इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर उभे राहिला असाल तर हे लगेच कळेल. गुलालाचे फवारे तीन-चार मजले वर जातात, हवा लाल-गुलाबी होते, शेजारी उभा असलेला सख्खा भाऊ दिसत नाही. पण ढोल कुठे आहे ते पायांना कळत असतं, आणि आपण त्याच्या अंदाजानं पुढे सरकतो. 'नोव्हेअर'मध्ये तो ढोल म्हणजे कोल्बर्ट.

'सीगल' या पहिल्या गाण्यात बेसची एकच फिरती ओळ पकडा. ती गाणंभर पुन्हा पुन्हा येते, लेहऱ्यासारखी. कथकाला किंवा एकल तबल्याला सारंगी, पेटी लेहरा धरते आणि वादक त्यावर हवं ते करतो, तसा क्वेरॉल्ट इथे लेहरा धरून बसलाय. त्यावर कोल्बर्ट सतत काहीतरी वेगळं करतोय, तुकडे टाकतोय, झांजा उधळतोय. शेवटाकडे गळा थांबतो आणि गिटारी मोकाट सुटतात. तिथे गांगरलात तर बेस धरून ठेवा. तो सुटला नाही तर गाणंही सुटत नाही.

दुसरं 'कलायडोस्कोप' छोटं, धावतं आहे. तिसरं 'इन अ डिफरंट प्लेस' संथ. या दोघांत ड्रम्सचा हात कसा बदलतो तेवढं ऐका आणि पुढे चला.

तिसरी बैठक : गोंगाटाच्या पोटात

आता मुख्य काम. याला वेळ द्या, हवं तर तीन-चार रात्री.

रामबागेत माझी मावशी गाणं शिकवायची. शिकवणी सुरू होण्याआधी ती तंबोरा जुळवत बसायची, पंचम, जोडाच्या दोन तारा, खर्ज. मग घोडीवर तारेखालचं सूत एवढंसं पुढे, एवढंसं मागे करत जवारी लावायची. सूत चुकीच्या जागी असलं की तार नुसती टणटण वाजते. नेमक्या जागी आलं की तीच तार उमलते, तिच्यातून वरचे कितीतरी सूर झरायला लागतात. आम्ही पोरं चुळबुळ करायचो. ती म्हणायची, "थांबा रे, गंधार येऊ दे." आणि येतोही. चार तारांत गंधाराची तार नाही, कुणी गंधार छेडलेला नाही, तरी खर्जातून तो स्पष्ट ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. कारण साधं आहे. कुठलीही तार तिच्या मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक सूरही देत असते, आणि पाचपटीचा जो सूर तो गंधार. जवारी त्यांना उजेडात आणते.

खरखर आणणारी फझची पेटीही हेच करते. तिच्यातून जाताना गिटारच्या स्वरलहरीची टोकं कापली जातात. कापलेल्या लहरीत मूळ सुराच्या पटीतले नवे सूर तयार होतात. पुढची गंमत मला फार उशिरा कळली. दोन सूर एकत्र त्या पेटीतून गेले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही वाजायला लागते. समजा एका तारेवर 200 हर्ट्झचा षड्ज आहे आणि दुसरीवर 300 हर्ट्झचा पंचम. वजाबाकी 100, म्हणजे खालचा षड्ज. बेरीज 500, आणि 500 म्हणजे तार सप्तकातला गंधार. वाजवणाऱ्यानं षड्ज-पंचमच छेडला, गंधार आपोआप आला. रामबागेतल्या त्या खोलीत यायचा तसाच.

म्हणून या संगीतातला गोंगाट बाहेरून ऐकायचा नाही, त्याच्या आत शिरून वर काय तरंगतंय ते ऐकायचं. त्यासाठी पाचवं गाणं घ्या, 'ड्रीम्स बर्न डाउन'. सुरुवातीला ड्रम्सचा जड, सावकाश ठेका आणि त्यावर सुटी सुटी वाजवलेली नाजूक गिटार. गळा येतो तोही हळुवार. मग एकदम भिंत कोसळल्यासारखा गिटारींचा लोंढा. तो येतो, गाणं भरून टाकतो, ओसरतो, आणि खाली तोच नाजूक सूर तसाच वाजत असलेला सापडतो.

असं करा. लोंढा पहिल्यांदा येईल तेव्हा डोळे मिटा आणि ठेक्याला धरून राहा. दुसऱ्यांदा येईल तेव्हा लक्ष ठेक्यावरून उचलून सगळ्यात वर न्या, जिथे आवाज शिट्टीसारखा होतो. तिथे बारीक सूर हलताना दिसतील. 'दिसतील' हाच शब्द योग्य वाटतो. पहिल्या रात्री काही सापडलं नाही तर तसंच झोपा. मला तिसऱ्या रात्री सापडलं आणि मी उठून बसलो.

हे गाणं मी एकदा मावशीला ऐकवलं होतं. तिनं डोळे मिटून तीन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "अस्सं! म्हणजे तंबोरा पुढे आणि गवई मागे." मग जरा थांबून, "बेसूर नाहीयेत हं मुलं." इतक्या वर्षांत या अल्बमबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही.

याच बैठकीत चौथं गाणं 'पोलर बेअर' ऐका. त्याच्या सुरुवातीला गिटारचा आवाज थरथरतो, लाटेवरच्या दिव्यासारखा कमी-जास्त होतो. याला ट्रेमोलो म्हणतात. सूर तोच राहतो, त्याची ताकद ठरावीक वेगानं वर-खाली होते. आपल्याकडच्या आंदोलनाशी त्याची गल्लत करू नका. आंदोलनात सूरच हलतो, इथे फक्त त्याचा जोर हलतो.

'डिके' आणि 'पॅरलाइज्ड' या सहाव्या-सातव्या गाण्यांवर मी थोडक्यात बोलतो, कारण मलाही ती बाकीच्यांइतकी जवळची नाहीत. काळोखी आहेत, जड आहेत. पण ती गाळून पुढे जाऊ नका. शेवटच्या गाण्यात जो उजेड पडतो, तो या दोघांच्या अंधारातून आल्यामुळेच एवढा लख्ख वाटतो.

चौथी बैठक : आता गळा, आणि 'व्हेपर ट्रेल'

एव्हाना गाणारा सापडलेला असेल. शोधायला गेलात तर लपतो, गिटार ऐकत बसलात तर आपणहून शेजारी येऊन बसतो. आता हवे तर शब्द वाचा. साधे आहेत, तरुण पोरांचे आहेत, कविता म्हणून फार उंच नाहीत. शब्दांपेक्षा स्वर कसे लांबवले आहेत तिकडे लक्ष द्या. ख्यालातल्या बंदिशीच्या दोन ओळी आपण अर्थासाठी तासभर ऐकत नसतोच.

आठवं गाणं 'व्हेपर ट्रेल' अँडी बेलनं गायलं आहे. विमान गेल्यावर आकाशात मागे राहणारी पांढरी रेघ, असा नावाचा अर्थ. यात चार कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे चार गुच्छ, आहेत आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच चार फिरत राहतात. अंतरा आला, ध्रुवपद आलं, कॉर्ड्स त्याच. नव्या ऐकणाऱ्याला इथे वाटतं की काही घडतच नाहीये.

इंदूरकराला हे समजायला जड जाऊ नये. ख्यालगायक अमीर खाँसाहेब आपल्या गावचे. झुमरा तालातला त्यांचा अतिविलंबित ख्याल ऐकताना आवर्तन तेच असतं, चौदा मात्रांचं. समेवर परत यायचं आहे हे ठाऊक असतं, आणि तरीही प्रत्येक आवर्तनात काहीतरी उलगडतं. 'व्हेपर ट्रेल'च्या चार कॉर्ड्सचं एक आवर्तन धरा. बोटांवर मोजा. पहिल्या कॉर्डला सम माना. मग प्रत्येक आवर्तनात काय नवीन आलं ते टिपा. कधी ड्रम्सचा तुकडा, कधी गळ्याची दुसरी पट्टी, कधी गिटारची एक जादा ओळ. कोल्बर्टचे ड्रम्स तर इथे जवळजवळ गातात, दोन ओळींच्या मधली प्रत्येक जागा भरतात.

आणि शेवटी व्हायोलिन-चेलोच्या कुळातली तारवाद्यं येतात. इतका वेळ विजेवर चालणाऱ्या तारांमध्ये राहिल्यावर गजानं वाजवलेल्या, लाकडी पोटातून निघणाऱ्या तारा ऐकू येणं, हा या अल्बममधला माझा सगळ्यात आवडता क्षण. गाणं विरत जातं तेव्हा लगेच दुसरं काही लावू नका. मिनिटभर हेडफोन तसेच राहू द्या.

चौघांत ऐकायचं असेल तर

चौघं जमून ऐकणार असाल तर स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यात बेस फुगतो आणि सगळं गढूळ होतं. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. बोलायचं ते रेकॉर्डची बाजू बदलताना. मूळ रेकॉर्डची पहिली बाजू 'पोलर बेअर'ला संपते आणि दुसरी 'ड्रीम्स बर्न डाउन'नं उघडते, तेव्हा रेकॉर्ड नसली तरी तिथे दोन मिनिटं थांबायला हरकत नाही. चहा तेवढ्यात होतो. घरात कुणी शिकणारं, परीक्षेचं असेल तर त्या दिवशी बेत पुढे ढकला. हे संगीत भिंतीतून पलीकडे जातं, आणि पलीकडच्याला फक्त धडधड पोचते.

यानंतर काय

महिनाभर हाच अल्बम ऐका. मग राइडच्याच पहिल्या दोन ईपी एकत्र केलेला 'स्माइल' घ्या, त्यात हीच पोरं आणखी कच्ची, आणखी जोरात आहेत. त्यापुढे रेडिंगच्या 'स्लोडाइव्ह'चा पहिला अल्बम, 1991चा 'जस्ट फॉर अ डे'. तिथे वेग जवळपास नाहीच, सगळा आलाप. ज्यांना 'इन अ डिफरंट प्लेस' आवडलं त्यांनी इकडे आधी जावं. 'कलायडोस्कोप'सारखं धावतं आवडलं असेल तर लंडनच्या 'लश'चा 1992चा 'स्पूकी', त्यात दोन बायकांचे गळे आहेत.

'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चा 1991चा 'लव्हलेस' मात्र सगळ्यात शेवटी ठेवा. सगळेजण तोच आधी सुचवतात आणि नवा माणूस तिथेच पळून जातो. त्यात तारांचा ताण कमी-जास्त करणारी गिटारची दांडी हातात धरून वाजवता वाजवता सूर सतत वाकवलेला आहे, जमीन म्हणून काही मिळत नाही. ठेका धरायची आणि वरचे सूर शोधायची सवय 'नोव्हेअर'नं लागलेली असेल, तरच तिथे उभं राहता येतं. भाचा सध्या 'लव्हलेस'च्या तिसऱ्या गाण्यापर्यंत पोचलाय.